चारशे तीनची सून

"देऊन टाका तिला ती किल्ली. चार दिवस त्या ओसाड घरात एकटी बसली, की पाचव्या दिवशी आपणहून पुस्तकं माळ्यावर टाकेल."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दुधाच्या बूथवर गेलेय असं सासूबाईंना वाटत होतं, आणि मी गेलेही होते. पण टोकनं फ्रीजवरच राहिली म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आले. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरचं दार दिवसा कोणी लावत नाही. हातात रिकामी किटली घेऊन मी दारातच थांबले.

आत सासरे नाकातून हसले. "आणि नाही टाकली तर?"

"अहो, मी ओळखते ना. गरीब आहे पोर. आवाज तरी येतो का तिचा घरात?"

मी आवाज न करता टोकनं उचलली, आवाज न करता खाली गेले, आणि दूध घेऊन येताना मात्र चपला चांगल्या वाजवत आले.

मी मूळची देविका गुळवणी, चाळीसगावची. डिसेंबरात लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं माझं नवं नाव लिहिलं. नीला. नीरजची नीला, डब्याला झाकण बसावं तशी. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी मनात म्हणत होते, बरं, मग आता देविकाचं काय करायचं असतं? ते कोणी सांगितलं नाही. ताटातले तांदूळ डब्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला.

देविका बी. ए.ला विद्यापीठात दुसरी आली होती आणि तिला केंद्राच्या प्रशासकीय सेवेच्या परीक्षेला बसायचं होतं. साखरपुड्यात नीरज म्हणाला होता, "बिल्कुल बस ना यार, दिल्ली इसी के लिए तो है." नीरज परदेशी वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे, कमरेला पेजर लावतो आणि कशालाच नाही म्हणत नाही. सासरे, बळवंतराव पारसनीस, एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात. ज्या खुर्चीपुढे जन्मभर फाइल घेऊन उभे राहिले त्या खुर्चीत सून बसेल ही कल्पना त्यांना आवडायची की बोचायची, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. सासूबाईंचं मात्र ठरलेलं होतं.

क्वार्टरमध्ये दोन खोल्या, चार माणसं आणि दिवसभर चालणारा केबल टीव्ही. मी गॅलरीत, वाळत घातलेल्या साड्यांच्या आडोशाला उभी राहून वाचायची. आणि तिकडे दिल्लीच्या टोकाला, द्वारका नावाच्या नव्या वसाहतीत, चौदा वर्षं वाट पाहून मिळालेला सोसायटीचा फ्लॅट रिकामा पडून होता. दिवाळीत ताबा मिळाला होता, पण सासऱ्यांच्या निवृत्तीआधी तिकडे जायचं नव्हतं आणि वास्तुशांतीही व्हायची होती. वास्तुशांतीशिवाय तिथे चूल पेटवायची नाही, झोपायचं नाही. बसून वाचण्याबद्दल शास्त्रात काही नव्हतं. म्हणून मी एकदा, लग्नानंतर पहिल्यांदाच, काहीतरी मागितलं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी हसतमुखानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. मीही हसले. दोघी अगदी गोड हसलो.

मार्चमधली पहिली सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. धौलाकुआँला बस बदलली, पालम मागे पडलं आणि मग रस्ता एकदम रुंद झाला. एवढा रुंद, की त्यावरून जाणारी एकटी बस चुकून आल्यासारखी वाटावी. दोन्ही बाजूंना धूळ, कीकरची काटेरी झुडपं आणि मध्येच नुसत्या उभ्या केलेल्या सात-सात मजली इमारती. खिडक्या होत्या, पडदे नव्हते. बसचा कंडक्टर या भागाला अजून जुन्या नावानं, पापनकलांच म्हणत होता. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की त्याची सावली माझ्या अंगावरून सरकली.

गेटवर नेगीजी होते, पहाडातले म्हातारे चौकीदार. रिकाम्या घरांतले नळ चोरीला जातात म्हणून सेक्रेटरीनं नोंदवही ठेवली होती. नाव, फ्लॅट नंबर, आत, बाहेर. मी पेन घेतलं आणि लिहिलं: देविका गुळवणी, ४०३. लिहून झाल्यावर लक्षात आलं. नव्या नवऱ्या ही चूक वर्षभर करतात म्हणे, बँकेत, पोस्टात, आणि मग जीभ चावून खोडतात. मीही खोडायला पेन टेकवलं. मग टोपण लावलं आणि वर गेले.

घरात ओल्या सिमेंटचा आणि चुन्याचा वास होता. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. बाहेरच्या खोलीत कोणीतरी सोडलेलं लाकडी खोकं होतं, त्याचं टेबल केलं. एक घडीची खुर्ची नीरजनं आदल्या रविवारी पोचवली होती. मी दार लावलं आणि आतून कडी घातली. सांगते, ती कडी बसल्याचा जो आवाज झाला ना, तसा आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. वडिलांच्या घरी कडी लावली की आई विचारायची, काय करतेयस गं? इथे कोणी विचारणार नव्हतं. मी त्या रिकाम्या खोलीत मध्यभागी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "अभ्यास."

भिंतींनी ते दोनदा परत केलं.

हातातला हिरवा चुडा लिहिताना कागदावर खरखरायचा. वर्ष होईपर्यंत तो काढायचा नाही अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती. पण माझे हात बारीक, बांगड्या अलगद निघायच्या. त्या काढून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या, आणि चार वाजता निघताना पुन्हा भरल्या. रोजचा नेमच झाला तो. दहा ते चार, ओट्यावर नीलाच्या बांगड्या आणि खोक्याशी देविका.

पाचवा दिवस आला आणि गेला. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "भीती नाही ना वाटत?"

"नाही, आई."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढली.

खरंच वाटत नव्हती. महिनाभरात मी भारताचा इतिहास संपवला, राज्यघटना दोनदा वाचली. पानाच्या कोपऱ्यात तारीख घालताना मला इतकं बरं वाटायचं, जणू ते पान मीच छापलंय.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा जाणवलं की स्वयंपाकघरातली फरशी स्वच्छ आहे. बाहेरच्या खोलीत सिमेंटची पावडर पायाला लागायची, मी झाडलीच नव्हती. आत मात्र ओटा पुसलेला, कोपरेसुद्धा. मला वाटलं, सोसायटीचा माणूस येत असेल. किल्ली एकच होती, आणि ती माझ्या पर्समध्ये होती, हे मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं नाही.

मग एकदा वाचता वाचता आतून किणकिण आली. काचेवर काच. मान वर केली तर थांबली. वाऱ्यानं बांगड्या हलल्या असतील. खिडक्या बंद होत्या… पण मी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी मला तो आवाज ओळखता आला. बांगड्या हलल्याचा तो नव्हताच. कोणीतरी एकेक करून त्या हातात भरत होतं.

मी उठून गेले. बांगड्या ओट्यावर होत्या, जिथे ठेवल्या तिथेच. हात लावला, तर कोमट होत्या, नुकत्या अंगावरून उतरवल्यासारख्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा गेटवर पोचले तर नेगीजी माझ्याकडे बघतच राहिले.

"मॅडम, आप नीचे कब आईं?"

"मैं तो अभी आई हूँ, नेगीजी."

"अभी दस मिनट पहले तो ऊपर गईं आप. साड़ी में थीं."

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. बसनं जाताना मी साडी कधीच नेसत नाही. त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. माझ्या रोजच्या ओळीच्या वर एक ओळ होती. नीला पारसनीस, ४०३, आत ९.५०. 'स'ची शेपटी ओळीच्या खाली ओढायची माझी सवय आहे, शाळेत त्यासाठी मार खाल्लाय. ती शेपटी तिथे होती.

मी मागची पानं उलटली. एप्रिलपासून, रोज. माझ्या वरची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. माझ्या दहा मिनिटं आधी. आत येण्याची वेळ होती, बाहेर जाण्याचा रकाना मात्र एकाही दिवशी भरलेला नव्हता.

"तबियत ठीक है, मॅडम?"

"हाँ. भूल गई थी," मी म्हटलं, आणि तिच्या खाली माझं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं.

घरी कोणाला सांगायचं? सासूबाईंना सांगितलं असतं तर संध्याकाळी किल्ली गेली असती. चार दिवसांत जे व्हायला हवं होतं ते दोन महिन्यांनी झालं असतं, एवढाच फरक. मी जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर थांबून हा हिशोब मनात लावला आणि पुढचा मजला चढले. कुलूप होतं तसंच होतं. आत पाऊल टाकलं तर फरशी ओली. नळाला थेंब नसलेल्या घरात फरशी ओली, आणि तिच्यावर स्वयंपाकघराकडे जाणारी बोटं-टाचांची ठसठशीत पावलं. मी माझी चप्पल काढली आणि शेजारी पाऊल ठेवून पाहिलं.

मापात होतं.

आणि मग आली ती आंधी. त्या दिवशी साडेचारपर्यंत थांबायचं ठरवून मी दुपारी अडीच वाजता सराव परीक्षा लावली होती. दीडशे प्रश्न, दोन तास, मनगटावरचं घड्याळ खोक्यावर काढून ठेवलेलं. स्वतःशी नियम केला होता की खऱ्या परीक्षेसारखं, काहीही झालं तरी खुर्ची सोडायची नाही. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडचं आकाश विटकरी झालं, मग तपकिरी, मग खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. धूळ काचांवर मूठ-मूठ फेकल्यासारखी आदळत होती. दूरच्या कुठल्यातरी अर्धवट इमारतीचा पत्रा उडून धडधडत गेला. भर दुपारी इतका अंधार झाला की मला खोक्यावरची मेणबत्ती लावावी लागली.

बासष्टाव्या प्रश्नावर आतून वास आला. शिजणाऱ्या तांदळाचा. पाठोपाठ ओल्या हळदीचा… आणि लग्नात असतो तो, गुदमरलेल्या मोगऱ्याचा. मग किणकिण. आज ती ओट्यापाशी थांबली नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. खोलीत आली. पायात जोडवी असावीत, फरशीवर एक बारीक टिक… टिक… वाजत होतं. माझी जोडवी मी बसमध्ये टोचतात म्हणून काढून ठेवते.

ती माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली.

मेणबत्ती हलली नाही. मानेवर श्वास नव्हता. श्वास असता तर बरं झालं असतं. मला नुसतं कळत होतं की कोणीतरी माझ्या खांद्यावरून माझा कागद पाहतंय, आणि त्यातलं काही तिला कळत नाहीये. त्रेसष्ट. चौसष्ट. मी खुणा करत होते. पेन्सिलीचं टोक मोडलं, दुसरी घेतली.

"चहा… ठेवू?"

माझाच आवाज होता. पण सासूबाईंशी बोलताना मी जो वापरते तो, खालचा, कडा दुमडलेला.

मागे वळून पाहिलं असतं तर काय दिसलं असतं, तो विचार मी आजही करत नाही. मी पासष्टाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अजून तास आहे. मग ठेव."

मग टिक… टिक… ती आत गेली.

मी दीडशेच्या दीडशे प्रश्न सोडवले. वेळ संपायला चार मिनिटं होती तीही बसून काढली. बाहेर धूळ बसली होती, उजेड परत आला होता. ओट्यावर माझ्या बांगड्यांशेजारी स्टीलचा पेला होता, त्यातून वाफ येत होती. पेल्यावर नाव कोरलेलं होतं, 'सौ. नीला'. लग्नात मिळालेल्या सहा पेल्यांतला तो एक, जे सरोजिनी नगरला पलंगाखालच्या ट्रंकेत कुलपात होते.

मी तो चहा प्यायले. आलं जास्त, साखर कमी, मला आवडतो तसा. घरी मला तसा कधी मिळत नाही, कारण घरी चहा मी करते आणि सगळ्यांना आवडतो तसा करते. मग उत्तरं तपासली. आधीच्या सरावापेक्षा चौदा मार्क जास्त होते. त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसून मी घाबरायला हवं होतं. मी मात्र आरशासारख्या त्या काचेत स्वतःकडे बघून हसत होते.

त्यानंतर आमचं ठरून गेल्यासारखं झालं. ती आत, मी बाहेर. एकमेकींना तोंड दाखवायचं नाही.

मेच्या शेवटी सासरे पंचांग घेऊन जेवायला बसले. "जूनचा दुसरा रविवार. त्यानंतर थेट मार्गशीर्षातच मुहूर्त. दिल्लीत आपले मराठी गुरुजी दोन, त्यातले एक पुण्याला गेलेत. दुसऱ्यांना शब्द दिलाय मी."

माझा घास हातातच राहिला. जूनचा दुसरा रविवार म्हणजे माझा पेपर.

"बाबा, त्या दिवशी नीलूचा…" नीरजनं सुरुवात केली.

"परीक्षा काय, दर वर्षी असते," सासूबाई म्हणाल्या. "वास्तुशांती एकदाच. आणि जोडप्यानंच बसायचं असतं. सून नसली तर पाटावर काय तुझा पेजर ठेवू?"

नीरज हसला. सासरेही हसले. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या, आणि खरं सांगते, इतक्या मायेनं त्या कधी बोलल्या नव्हत्या. "मी काल जाऊन आले गं द्वारकेला. चौकीदार तुझं कौतुक करत होता, बहूजी दिनभर घर चमकाती हैं म्हणून. आणि खालून दिसलीस ना मला खिडकीत, पदर खोचून काचा पुसत होतीस. मी वर आलेच नाही, म्हटलं कशाला तिला मध्येच थांबवा. पुस्तकांचं वेड गेलं एकदाचं. मला माहीत होतं."

आदल्या दिवशी मी द्वारकेला गेलेच नव्हते. ग्रंथालयात होते, संध्याकाळपर्यंत.

मी ताटं उचलली. चौथ्या दिवशी होमाची जागा ठरवायला आम्ही चौघं फ्लॅटवर गेलो. टळटळीत दुपार होती, अंग भाजणारी लू वाहत होती. नोंदवहीत सासऱ्यांनी सगळ्यांच्या वतीनं सही केली. वरच्या ओळीकडे त्यांनी पाहिलं नाही.

घर लखलखत होतं. उंबऱ्यावर रांगोळीची बोटं ओढलेली. सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला, सासऱ्यांकडे पाहून भुवया उंचावल्या. सासरे मध्यभागी पावलं टाकत मोजत होते. "कुंड इथे. पाट इथे. नीरज आणि नीला पूर्वेला तोंड करून."

आत शिरताच रोजच्या नेमानं बांगड्या ओट्यावर काढून ठेवून मी खिडकीशी, सासूबाईंच्या उजव्या हाताला उभी होते. इतकी जवळ, की त्यांच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला लागत होतं. नीरज समोर दाराला टेकलेला. खोलीत आम्ही चौघंच.

सासूबाईंनी कपाळावरचा घाम टिपला, आणि सवयीनं, मान न वळवता, हाक मारली. "नीला, पाणी आण गं जरा."

"आले, आई…"

आवाज स्वयंपाकघरातून आला. खालचा, कडा दुमडलेला. मागोमाग बांगड्या वाजल्या, आणि स्टीलचा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

सासऱ्यांचं पाऊल हवेतच थांबलं. नीरज दारापासून सरळ झाला. सासूबाईंनी फार हळू मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते. माझे दोन्ही हात त्यांच्यासमोर, खिडकीच्या कठड्यावर होते, आणि मनगटं मोकळी होती.

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. कोरड्या नळाच्या घरात, सावकाश, काठोकाठ. मग जोडव्यांची टिक… टिक… दाराकडे निघाली.

"पेला घ्या, आई, ती चांगली आहे," मी म्हटलं. माझा आवाज भिंतींवर आपटून दोनदा परत आला, आणि मला तो आवडला. "रविवारी पाटावर तीच बसेल. माझा पेपर साडेनऊला आहे."